जड की बधिर? होंडा एनएसएक्सच्या स्टिअरिंग आणि क्लचचं प्रकरण

मारुती ८०० चालवलेल्या माणसाला पॉवर स्टिअरिंग नसणं म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. गाडी उभी असताना चाक वळवायला हातांचे दंड भरून यायचे. पण गाडी जरा चालू लागली की रस्त्यावरची खडी, ओला पट्टा, एका टायरमधली उतरलेली हवा, सगळं तळव्यांना कळायचं. पुढे एका बोटानं फिरणारी स्टिअरिंग आली आणि ही खबर येणं बंद झालं. बहुतेकांना हा सौदा पटला. रोजच्या गाडीसाठी मलाही पटतो. पण गाडी घेण्याचं कारणच चालवण्यातली मजा असेल, तर हा सौदा पुन्हा तपासायला हवा. १९९० साली रस्त्यावर आलेल्या होंडा एनएसएक्सच्या इंजिनिअरांनी तो तपासला, आणि गाडीच्या पंधरा वर्षांच्या आयुष्यात आपलं उत्तर बदललंसुद्धा.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९८४ मध्ये होंडानं पिनिनफरिनाकडून एचपी-एक्स नावाचं मॉडेल करून घेतलं. त्यातून पुढे चालकाच्या पाठीमागे आडवं बसवलेलं व्ही-६ इंजिन असलेली स्पोर्ट्‌स कार आकाराला आली. प्रकल्पाचे प्रमुख शिगेरू उएहारा. समोर मापदंड होता फेरारीच्या व्ही-८ गाड्यांचा, आधी ३२८ आणि नंतर ३४८. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये गाडी लोकांसमोर आली. तीन लिटरचं इंजिन ८००० आरपीएमपर्यंत फिरायचं, अमेरिकेतल्या मॅन्युअल गाडीला २७० अश्वशक्ती होती आणि सगळी बॉडी अॅल्युमिनिअमची. पण होंडाची खरी अट आकड्यांची नव्हती. गाडी ट्रॅकवर इटालियन गाडीच्या तोडीची हवी आणि सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना सिग्नल-सिग्नलवर पाय न दुखता चालली पाहिजे. त्या काळच्या सुपरकारचा क्लच दाबणं म्हणजे जिममधली मांडीची कसरत असायची, आणि मालक ते कौतुकानं सांगायचे. होंडाला ते कौतुक नको होतं.

पुढे जाण्याआधी दोन शब्द वेगळे करून ठेवतो, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. स्टिअरिंग किंवा क्लच 'जड' असणं म्हणजे फिरवायला किंवा दाबायला जोर जास्त लागणं. 'बधिर' असणं म्हणजे लागणाऱ्या जोरात फरकच न पडणं. चाकाखाली बर्फ असो की डांबर, हाताला सारखंच लागतं. गाडी जड असून बोलकी असू शकते, हलकी असून बोलकी असू शकते, आणि जड असून ठार बहिरीही असू शकते. हा तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. गंमत म्हणजे 'स्पोर्ट' मोडच्या नावाखाली आज तोच विकला जातो: बटण दाबलं की मोटर कमी मदत करते, चाक जड होतं आणि खबर होती तेवढीच राहते.

पुढच्या चाकांवरचा भार

एनएसएक्सच्या मॅन्युअल गिअरच्या सुरुवातीच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग दिलंच नव्हतं. हा हट्ट नव्हता, त्यामागे हिशेब होता. गाडीचं वजन साधारण १३७० किलो आणि त्यातलं पुढच्या चाकांवर ४२ टक्के, म्हणजे ५७५ किलोच्या आसपास. उभ्या गाडीचं चाक वळवायला लागणारा जोर भाराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. भाराच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो, असं इंजिनिअर धरून चालतात. कारण भार वाढला की घर्षण वाढतंच, शिवाय रस्त्याला टेकलेला टायरचा ठसाही मोठा होतो. याच वजनाची, पण पुढे इंजिन असलेली आणि पुढच्या चाकांवर ५५ टक्के भार असलेली गाडी घ्या. तिथे ७५३ किलो येतात. भार एकतीस टक्क्यांनी वाढला, पण पार्किंगमध्ये लागणारा जोर दीडपट झाला.

त्यात पुढचे टायर २०५ मिलिमीटर रुंदीचे, १५ इंची रिमवर. मागचे २२५ चे, १६ इंचीवर. आजच्या साध्या एसयूव्हीला याहून रुंद टायर असतात. रुंद टायर दिसायला भारदस्त, पण त्याचा प्रत्येक मिलिमीटर हातांनाच वळवावा लागतो. अरुंद पुढचा टायर, मागे गेलेलं इंजिन आणि अॅल्युमिनिअम यांनी मिळून स्टिअरिंगचा जडपणा मुळातच कमी केला. कमी करायला मोटर लागली नाही.

म्हणून ती पार्किंगमध्ये हलकी होती असं नाही. उभ्या गाडीत चाक फिरवायला ताकद लागायचीच. पण माणूस दहा किलोमीटरच्या वेगानं जरी सरकत असला तरी तक्रार उरत नव्हती.

खबर येते कुठून

वळणावर टायर थोडा पिळला जातो. चाकाचं तोंड एकीकडे आणि गाडीची चाल किंचित दुसरीकडे, असा छोटा कोन पडतो. त्याला स्लिप अँगल म्हणतात. टायरचा आडवा जोर ठशाच्या बरोबर मध्यावर लागत नाही, जरा मागे लागतो. त्यामुळे चाक आपोआप सरळ व्हायला बघतं आणि हाताला जी ओढ लागते ती हीच. आता महत्त्वाचं. वळण कडक होत गेलं की हा जोराचा बिंदू मागून पुढे, मध्याकडे सरकू लागतो. म्हणून टायरची पकड संपण्याच्या थोडं आधीच हातातली ओढ कमी होते. चांगल्या गाडीत स्टिअरिंग हलकं पडू लागतं, आणि अनुभवी हात तिथेच ओळखतो की पुढची चाकं आता सुटणार. घसरण्याआधी आलेली ही सूचना फुकट मिळते, फक्त वाटेत कुणी अडवता कामा नये.

अडवणारे पुष्कळ असतात. कॅस्टरचा कोन, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव, फार ठेवला तर सरळ होण्याची दुसरी, भूमितीतून येणारी ओढ इतकी मोठी होते की टायरची बारीक कुजबुज तिच्यात बुडून जाते. स्टिअरिंग छान जड लागतं आणि सांगत काहीच नाही. रॅकमधलं (पुढची चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्यातलं) घर्षण, कोरडा पडलेला बॉल जॉइंट आणि कॉलमच्या जोडातलं रबर, सगळे आपापला हिस्सा कापून घेतात. बुशमधली (सांध्यांतल्या रबरी अस्तरांतली) लवचिकता तर घरातली चोरी. रस्त्यातल्या आडव्या सांध्यावर चाक आदळतं तेव्हा ते थोडं मागे जायला हवं, नाहीतर धक्का थेट पाठीला. म्हणून लोअर आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बुशमध्ये रबर मऊ ठेवतात. पण चाक मागे जातं आणि चाकाला रॅकशी जोडणारा टाय रॉड मात्र जागेवरच असतो. परिणामी चाकाचा टो, म्हणजे त्याचं तोंड आत-बाहेर असण्याचा कोन, बदलतो. गाडी न सांगता किंचित वळते आणि चालक नकळत ते दुरुस्त करत बसतो.

होंडानं इथे जे केलं ते मला या सगळ्या गाडीतलं सगळ्यात हुशार काम वाटतं, इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप बदलणाऱ्या व्हीटेकपेक्षाही. पुढच्या डबल विशबोनचे, म्हणजे चाक दोन आर्मांनी धरणाऱ्या सस्पेन्शनचे, वरचा आणि खालचा आर्म वेगवेगळे बॉडीला न टांगता, मध्ये एक फिरू शकणारा सांधा ठेवला. होंडानं त्याला कॉम्प्लायन्स पिव्हट म्हटलं. धक्का आला की दोन्ही आर्म या सांध्याभोवती एकत्र हलतात. चाक मागे सरकतं, पण त्याचं तोंड ज्या दिशेला होतं तिथेच राहतं. मऊपणा हवा तिथे मिळाला, आणि स्टिअरिंगच्या दिशेनं कडकपणा शाबूत राहिला. ज्या काळात बाकीचे 'आराम की अचूकपणा' यातलं एक निवडत होते, तेव्हा या गाडीनं दोन्हींच्या दिशा वेगळ्या करून प्रश्नच मोडीत काढला.

मग सुझुकाची गोष्ट. ती सगळ्यांना माहीत आहे, पण बहुतेक वेळा तिचं चुकीचं सार सांगितलं जातं. १९८९ च्या सुरुवातीला आयर्टन सेनानं जपानमधल्या सुझुकाच्या ट्रॅकवर प्राथमिक गाडी चालवली आणि ती थोडी नाजूक वाटते असं म्हटलं. तेव्हा होंडा मॅक्लारेन संघाला फॉर्म्युला-वन शर्यतींची इंजिनं देत होती आणि सेना मॅक्लारेनचा चालक. त्यानंतर चमू जर्मनीला नुर्बुर्गरिंगजवळ जाऊन राहिला, तिथल्या सुमारे एकवीस किलोमीटरच्या डोंगरी ट्रॅकवर महिनोन्‌महिने गाडी चालवली आणि बॉडीचा कडकपणा ५० टक्क्यांनी वाढवला. ही कथा सांगताना लोक कडकपणाचा संबंध वेगाशी जोडतात. मला तो हाताशी जोडलेला दिसतो. स्टिअरिंग रॅक आणि सस्पेन्शन शेवटी बॉडीलाच बोल्ट केलेले. ती बॉडी पिळत असेल तर चाक फिरवल्यावर आधी बॉडीची स्प्रिंग आवळली जाते, टायर मागाहून ऐकतो. तो विलंब सेकंदाच्या अगदी बारक्या भागाचा असेल, पण सेनासारख्या माणसाचा हात तेवढाच मोजत असतो. 'नाजूक' हा शब्द त्यानं बहुधा त्यासाठीच वापरला असावा, असा माझा अंदाज.

क्लच: वाचलेला जोर कुठे खर्चायचा

क्लच किती टॉर्क (फिरवणारा जोर) पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: घर्षणाचे पृष्ठभाग किती, घर्षणाचा गुणांक किती, क्लच प्लेट आवळून धरणारी प्रेशर प्लेट किती जोरानं दाबते आणि प्लेटची सरासरी त्रिज्या केवढी. नेहमीच्या क्लचमध्ये एक प्लेट, म्हणजे दोन पृष्ठभाग. एनएसएक्सच्या पाच गिअरच्या गाडीत होंडानं लहान व्यासाच्या दोन प्लेटा घातल्या. पृष्ठभाग चार झाले.

समजण्यापुरता हिशेब करू. यातले टॉर्क सोडून बाकी आकडे धरलेले आहेत, गाडीच्या पुस्तकातले नाहीत. जपानी गाडीचा टॉर्क २९४ न्यूटन-मीटर. त्याच्या दीडपट पेलायचा म्हणजे ४४१. गुणांक ०.३ आणि सरासरी त्रिज्या ९ सेंटिमीटर धरली, तर एका प्लेटच्या क्लचला सुमारे ८१७० न्यूटनचा दाब लागतो. दोन प्लेटांना त्याच्या निम्मा, ४०८० च्या आसपास. म्हणजे पेडल निम्मं हलकं झालं?

नाही, आणि इथेच बहुतेक माहितीपत्रकं थापा मारतात. दोन प्लेटा पूर्ण सोडवायच्या तर फटीही दुप्पट पाडाव्या लागतात. जोर निम्मा, पण प्रेशर प्लेटचं उचलणं जवळपास दुप्पट. पायाला करावं लागणारं काम मोठ्या हिश्शानं तेच राहतं. तरफा, हायड्रॉलिक सिलिंडरची मापं, फोर्कची लांबी बदलून जोर आणि पेडलची चाल यांची देवघेव करता येते, काम नाहीसं करता येत नाही. पेडल हलकं केलं की चाल लांबते किंवा हाफ क्लचचा पट्टा अरुंद होतो. त्या अरुंद पट्ट्यातच मग सिग्नलला गाडी हिसके खाते.

मग दोन प्लेटांचा उपयोग काय? व्यास. वाचलेला जोर होंडानं प्लेट लहान करण्यात खर्च केला. त्याच जाडीच्या चकतीची फिरण्यातली जडता त्रिज्येच्या चौथ्या घातानं बदलते. त्रिज्या फक्त १० टक्के कमी केली तरी जडता जवळपास ३४ टक्के उतरते. ८००० आरपीएमला जाणाऱ्या इंजिनाला याचा अर्थ असा, की गिअर बदलताना पाय उचलला की आरपीएम पटकन पडतात, अॅक्सिलरेटर मारला की पटकन चढतात, आणि क्लच सोडताना इंजिन व गिअरबॉक्स यांचे वेग आधीच जुळलेले असतात. क्लचची 'फील' सुधारण्याचा मोठा भाग पेडलमध्ये नसतोच. तो फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीच्या, बाजूला असतो. पेडल हेच ठिकाण समजून लोक तिथे स्प्रिंगा बदलत बसतात.

दोन प्लेटांचे तोटेही आहेत. मधली प्लेट दोन्हीकडून नीट सुटली नाही तर क्लच दाबूनही थोडा ओढत राहतो आणि पहिला गिअर करकरतो. दुरुस्तीला वस्तू जास्त, खर्च जास्त. शिवाय इंजिनाचे धक्के शोषायला जड फ्लायव्हील नसलं की न्यूट्रलला गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येते.

उत्तर बदललं

ऑटोमॅटिक एनएसएक्सला पहिल्यापासून इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग होतं. ऑटोमॅटिक घेणारा गिऱ्हाईक सोय मागत होता, त्याला सोय दिली. हायड्रॉलिक न घेण्याचं कारण गाडीकडे बघितलं की समजतं. इंजिन मागे, रॅक पुढे. इंजिनाच्या पट्ट्यावर पंप बसवायचा तर दाबाच्या तेलाच्या नळ्या सगळ्या गाडीखालून पुढे न्याव्या लागल्या असत्या, आणि गरज असो-नसो पंप फिरतच राहिला असता. मोटर रॅकवरच बसते आणि हवी तेव्हाच वीज घेते. वेग वाढला की मदत कमी होते.

तिचा दोष असा, की मोटरचा रोटर गिअरिंगमधून रॅकला जोडलेला असतो, आणि त्याची जडता गिअरिंगच्या गुणोत्तराच्या वर्गानं वाढून रॅकला जाणवते. छोटासा रोटर रॅकला मोठ्या जात्यासारखा वाटतो. रस्त्यावरून येणारी सावकाश ओढ तेवढी पार होते, बारीक थरथर त्या जात्यातच मुरते. पहिल्या पिढीच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगला लोक बधिर म्हणत ते बहुतांशी यामुळे. ही तक्रार इतकी टिकाऊ निघाली, की २०११ मध्ये पोर्शनं आपल्या ९११ या गाडीला इलेक्ट्रिक स्टिअरिंग दिलं तेव्हा जगभरचे परीक्षक तेच बोलत होते.

१९९४ मध्ये एनएसएक्सचे टायर वाढले, पुढे २१५ आणि १६ इंच, मागे २४५ आणि १७ इंच. १९९५ मध्ये छताचा भाग काढता येणारी टी आवृत्ती आली आणि अमेरिकेत इलेक्ट्रिक स्टिअरिंग मॅन्युअल गाडीलाही मिळालं. १९९७ ला मॅन्युअल गाडीचं इंजिन ३.२ लिटरचं झालं, गिअर सहा झाले, टॉर्क ३०४ न्यूटन-मीटरवर गेला. त्याच वेळी दोन प्लेटांचा क्लच जाऊन एकच प्लेट आणि दोन भागांचं, मधे स्प्रिंगा असलेलं फ्लायव्हील आलं. खडखड थांबली. सिग्नलवर गाडी उठायला सोपी झाली. पाय उचलल्यावर आरपीएम झटकन पडण्याची ती सवय मात्र थोडी मंदावली.

याला माघार म्हणायचं का? मी म्हणत नाही. टायर रुंद झाले, टॉर्क वाढला, गिऱ्हाईकही पाच वर्षांत बदललं. मूळ गाडीत सगळे भाग एकमेकांच्या आधारानं उभे होते: अरुंद टायर होता म्हणून मोटर लागत नव्हती, लहान क्लच होता म्हणून इंजिन चपळ होतं. यातला एक खांब हलवला की शेजारचा हलवावाच लागतो. माझी निवड विचाराल तर पहिली गाडी. पण रोज पार्किंगमध्ये ती वळवायची असेल तर दुसऱ्या दिवशी मत बदलेन कदाचित. उलट्या टोकाला १९९२ ची एनएसएक्स-आर होती: सुमारे १२० किलो उतरवलेली, जपानपुरती. तिनं आवाज अडवणारं अस्तर काढून टाकलं आणि पॉवर स्टिअरिंगच्या भानगडीत ती पडलीच नाही.

आज अशी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांच्या बाबतीत प्रकरण आणखी साधं होतं, आणि थोडं हसू आणणारं. तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीचा क्लच जड लागतो तेव्हा मालक आधी 'हलक्या क्लचचं किट' शोधतो. पण क्लच दाबून धरणाऱ्या डायफ्राम स्प्रिंगचा स्वभावच असा, की प्लेट झिजत गेली की तिची बोटं बाहेर सरकतात आणि पेडल वर्षागणिक जड होत जातं. पायाला रोज तेच लागतं म्हणून फरक कळत नाही. नवी प्लेट टाकली की मूळचा हलकेपणा परत येतो. तसंच पेडलमधल्या स्पंजपणाचं. एनएसएक्समध्ये पेडल पुढे आणि गिअरबॉक्स मागे असल्यानं हायड्रॉलिक नळी लांब आहे. त्या नळीतलं ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट-४ प्रतीच्या नव्या ऑइलला २३० अंशांच्या आत न उकळण्याचं बंधन, ओल ओढलेल्याला १५५. मागे गरम इंजिनाशेजारी सिलिंडर बसलेला. मास्टर (पेडलकडचा) आणि स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडरची जोडी एकदम बदलायची, रबरी नळी नवी घालायची, ऑइल पूर्ण काढून नवं भरायचं. एकच सिलिंडर बदलला की नव्याचा दाब जुन्याची सीलं शोधून काढतो आणि दोन महिन्यांनी पुन्हा गाडी वर. स्टिअरिंगच्या बाजूनं आधी टाय रॉडचे बॉल, रॅकचे माउंट आणि बुश बघायचे, मग अलाइनमेंट, मग टायर मूळ मापाचे आहेत का ते. दिसायला बरे म्हणून घातलेले १८ इंची रिम काढल्यावर अर्धी तक्रार रिमबरोबरच जाते.

मॅक्लारेन एफ-वन ही रस्त्यावरची गाडी करणाऱ्या गॉर्डन मरी यांनी एनएसएक्स स्वतः बाळगली होती आणि तिची चाल व पकड हेच आपल्या गाडीसमोरचं लक्ष्य ठेवलं होतं. त्यांच्या एफ-वनलाही पॉवर स्टिअरिंग नव्हतं. २०१६ साली होंडानं दुसरी एनएसएक्स आणली. तिला तीन इलेक्ट्रिक मोटर, नऊ गिअरचा ड्युअल-क्लच गिअरबॉक्स, आणि क्लचचं पेडलच नाही. मरींनी २०२० मध्ये आपली टी-५० ही गाडी दाखवली तेव्हा तीन पेडलं ठेवली, सहा मॅन्युअल गिअर ठेवले, आणि स्टिअरिंगला मोटरही लावली. ही मोटर पार्किंगच्या वेगापुरती मदत करते. गाडीनं वेग घेतला की बाजूला होते.